परदेशात छोटं गेस्टहाउस: कंपनी, एकल मालकी की आणखी काही?

परदेशात चार-सहा खोल्यांचं गेस्टहाउस काढायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: कंपनी काढू की स्वतःच्याच नावावर चालवू? प्रश्न योग्य आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. कंपनीची नोंदणी हे या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात सोपं काम. पोर्तुगालमध्ये २००५ पासून 'एम्प्रेझा ना ओरा', म्हणजे 'तासाभरात कंपनी' अशा नावाची सरकारी सोयच आहे. सोपं म्हणून लोक ते आधी उरकून टाकतात. मग कळतं की त्या कंपनीला जमीन घेता येत नाही, किंवा परवाना फक्त त्या घरात राहणाऱ्या माणसालाच मिळतो, किंवा व्हिसासाठी लागणारं भांडवल तिच्यात नाही. मग दुरुस्त्या सुरू होतात, आणि स्थापनेपेक्षा दुरुस्ती नेहमीच महाग पडते.

माझ्या मते या निर्णयाचा क्रम असा असावा: आधी जागा, मग पाहुणे ठेवण्याचा परवाना, मग तुमचा स्वतःचा तिथे राहून काम करण्याचा हक्क, मग जोखीम आणि भागीदार, आणि कर सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत बहुतेक पर्याय आपोआप गळतात. हातात दोनच उरतात, कधीकधी एकच.

पायरी १ : एका कागदावर सहा उत्तरं

वकिलाकडे जाण्याआधी हे लिहून काढा. खोल्या किती आणि एका वेळी जास्तीत जास्त पाहुणे किती? इमारत विकत घेणार की भाड्याने? तुम्ही त्याच घरात राहणार का? पैसा कोणाकोणाचा आहे, आणि तो परत हवा आहे की कायमचा गुंतवलेला? रोजचं काम कोण करणार: तुम्ही, जोडीदार, की पगारी माणूस? आणि किती वर्षांनी बाहेर पडायचं?

शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. अजून दार उघडलं नाही आणि बंद करायच्या गोष्टी कशाला? पण पाच वर्षांनी विकायचं असेल तर रचना एक होते आणि मुलांकडे सोपवायचं असेल तर दुसरी. वकिलाने तासाच्या हिशोबाने पैसे घ्यायचे ठरवलं असेल, तर हा कागद त्याचे निदान दोन तास वाचवतो.

पायरी २ : जमीन कोणाच्या नावावर राहू शकते?

इथे थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त पैसे याच पायरीवर बुडतात.

अनेक देशांत परदेशी माणसाला जमीन घ्यायला बंदी किंवा मर्यादा आहे, आणि ती मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी असते. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी घेता येत नाही. राहण्यासाठी घर हवं असेल तर बँकेच्या नावावर न्यास करावा लागतो. त्याला 'फिदेइकोमिसो' म्हणतात. मुदत ५० वर्षं, आणि ती वाढवून मिळते. पण निवासाव्यतिरिक्त वापरासाठी, म्हणजे हॉटेलसारख्या धंद्यासाठी, मेक्सिकोत नोंदलेली कंपनी त्याच पट्ट्यात थेट मालक होऊ शकते, तिचे भागधारक परदेशी असले तरी. म्हणजे तिथे कंपनी काढण्याचं कारण कर नव्हे, दायित्वही नव्हे. ती जमिनीची किल्ली आहे.

उलट श्रीलंकेत २०१४ च्या कायद्याने परदेशी व्यक्तींना जमीन हस्तांतरित करायला बंदी आहे, आणि ज्या कंपनीत निम्मी किंवा त्याहून जास्त मालकी परदेशी आहे तिलाही तीच बंदी लागू होते. तिथे कंपनी काढून काही साधत नाही. भाडेपट्ट्याचा विचार करावा लागतो. जॉर्जियात शहरातलं घर परदेशी माणूस सहज घेतो, पण शेतजमिनीवर निर्बंध आहेत. डोंगरातल्या गावात बघितलेलं सुंदर घर कागदावर शेतजमीन म्हणून नोंदलेलं निघालं तर काय, हे सौदा करण्याआधी पाहायचं.

थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला जमीन घेता येत नाही. सर्वसाधारण भाडेपट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचा. शिवाय १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्याखाली हॉटेलचा धंदा बंधन असलेल्या यादीत आहे, आणि निम्मे किंवा जास्त भाग परदेशी हातात असले की ती कंपनी 'परदेशी' ठरते. त्यामुळे ४९ टक्के आपले, ५१ टक्के स्थानिकांचे अशी मांडणी सर्रास दिसते. इथपर्यंत ठीक. घोटाळा होतो तो यापुढे.

'स्थानिक भागधारक नावापुरते घेऊ, पैसा सगळा आपला, त्यांच्याकडून कोऱ्या हस्तांतरणपत्रावर सह्या घेऊन ठेवू.' हा सल्ला तुम्हाला दलाल देईल, शेजारचा हॉटेलवाला देईल, कधी वकीलही देईल. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे: बेनामी. थायलंडच्या त्याच कायद्यात नाव उसनं देणारा आणि घेणारा अशा दोघांनाही तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाख ते १० लाख बाहत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही. तुमचा खाजगी करार बेकायदा हेतूने केलेला असल्यामुळे न्यायालयात तो दाखवताच येत नाही. भांडण झालं, त्या माणसाचा घटस्फोट झाला, तो वारला, त्याच्या डोक्यावर कर्ज झालं, तर त्याचे ५१ टक्के खरोखरच त्याचे असतात. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर ओंजळ कधी उघडेल हे आपल्या हातात नसतं.

मग करायचं काय? तीन सरळ मार्ग उरतात: नोंदणीकृत दीर्घ भाडेपट्टा घेऊन फक्त धंदा आपला ठेवायचा, खरोखर पैसे घालणारा, खरोखर निर्णयात भाग घेणारा स्थानिक भागीदार शोधायचा, किंवा सरकारकडून मिळू शकणारी अधिकृत सूट मागायची. तिन्ही जमत नसतील तर देश बदलायचा. भाडेपट्टा घेतलात तर त्याची मुदत, नूतनीकरणाची अट, मालक बदलल्यावरही पट्टा टिकतो का, आणि पोटभाड्याने म्हणजे पाहुण्यांना खोल्या देण्याची स्पष्ट परवानगी आहे का, या चार गोष्टी पट्ट्यात लिहिलेल्या हव्यात. '३० अधिक ३० अधिक ३०' असं जाहिरातीत दिसलं तर पहिले ३० सोडून बाकीच्यांवर विसंबू नका.

पायरी ३ : परवाना माणसाला मिळतो, जागेला की कंपनीला?

'गेस्टहाउस' हा बोलीतला शब्द आहे. कायद्यात त्याची वेगळी नावं असतात, आणि खोल्यांची संख्या एकाने वाढली की नाव बदलतं. फ्रान्समध्ये 'शांब्र द'ओत' म्हणजे यजमानाच्या राहत्या घरातल्या पाहुण्यांच्या खोल्या. जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे, नगरपालिकेत नोंद, आणि न्याहारी भाड्यातच. यजमान तिथे राहतो हेच या प्रकाराचं मूळ आहे, त्यामुळे दुसऱ्या शहरात बसून कंपनीमार्फत चालवण्याची कल्पना इथेच अडखळते. पोर्तुगालमध्ये 'अलोजामेंतो लोकाल' या नोंदणीखाली साधारणपणे ९ खोल्या आणि २७ पाहुण्यांची मर्यादा आहे. त्यापुढे पर्यटन-निवासाचे जड नियम लागतात. थायलंडने २०२३ मध्ये हॉटेल कायद्यातून वगळलेल्या छोट्या निवासांची मर्यादा ४ खोल्यांवरून ८ खोल्या आणि ३० पाहुण्यांवर नेली. जपानमध्ये २०१८ च्या मिनपाकू कायद्याखाली घर वर्षात १८० दिवसच भाड्याने देता येतं. वर्षभर चालवायचं तर हॉटेल व्यवसाय कायद्याखालचा परवाना घ्यावा लागतो. नेपाळमध्ये होमस्टेसह ग्रामीण पर्यटन हे क्षेत्रच परदेशी गुंतवणुकीला बंद आहे.

स्थानिक कार्यालयात जाऊन, शक्यतो लेखी, तीन गोष्टी विचारा. हा परवाना व्यक्तीला देता का, कंपनीला देता का, की दोघांनाही? उद्या मी एकल मालकीतून कंपनीत गेलो तर परवाना सोबत येतो की नवा अर्ज? आणि इमारत विकली तर तो परवाना खरेदीदाराला मिळतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व एरवी लक्षात येत नाही. पर्यटकांनी गजबजलेल्या शहरांत नव्या नोंदण्या अधूनमधून थांबवतात. सुरुवातीला स्वतःच्या नावावर परवाना घेतला, दोन वर्षांनी कंपनी काढली, आणि तेव्हा नव्या अर्जांना बंदी असली तर जुना परवानाही जातो आणि नवा मिळत नाही. अशा शहरात पुढे कंपनी काढायचीच असेल तर पहिल्या दिवशीच काढलेली बरी. 'आधी छोटं करू, मग बघू' या एरवी शहाण्या सल्ल्याला हा अपवाद.

पायरी ४ : मालक होणं आणि तिथे काम करणं

कंपनीचे शंभर टक्के भाग तुमचे असले तरी त्या देशात राहण्याचा किंवा स्वतःच्याच गेस्टहाउसमध्ये चादरी बदलण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. बऱ्याच देशांत चादर बदलणं, न्याहारी वाढणं, पाहुण्याची नोंद करणं हे 'काम' धरलं जातं, पगार घेतला नाही तरी.

ज्या व्हिसावर जाणार त्याच्या अटी रचनेवर थेट परिणाम करतात. जपानच्या 'व्यवसाय व्यवस्थापक' दर्जासाठी भांडवलाची अट पूर्वी ५० लाख येनची होती. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ती ३ कोटी येन झाली, आणि एक पूर्णवेळ कर्मचारीही लागतो. चार खोल्यांच्या गेस्टहाउसचं गणित त्या एका बदलाने कोलमडतं. थायलंडमध्ये सर्वसाधारण नियमाने एका परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्यामागे २० लाख बाहत भांडवल आणि ४ थाई कर्मचारी धरतात. नवरा-बायको दोघांना परवाना हवा तर दुप्पट. अमेरिकेच्या ई-२ या गुंतवणूकदारांच्या व्हिसासाठी धंद्याची किमान निम्मी मालकी करार असलेल्या देशाच्या नागरिकांकडे हवी, आणि तो धंदा फक्त मालकाच्या कुटुंबाचं पोट भरण्यापुरता असून चालत नाही. तीन खोल्यांचं घरगुती गेस्टहाउस नेमकं तेच असतं.

म्हणून भागांचं वाटप ठरवण्याआधी व्हिसाचे नियम वाचा. 'भावाला ६० टक्के, मला ४०' असं प्रेमापोटी ठरवलं आणि व्हिसा तुम्हाला हवा असेल, तर टक्केवारीच आड येऊ शकते. भांडवलाची अट असेल तर तो पैसा भरणा झालेलं भांडवल म्हणूनच दिसला पाहिजे. तुम्ही कंपनीला दिलेलं कर्ज बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत.

पायरी ५ : आता पर्याय समोर ठेवा

जगभर नावं वेगळी असली तरी साचे मोजकेच आहेत.

एकल मालकी: तुम्ही आणि धंदा एकच. नोंदणी स्वस्त, हिशेब साधे, नफा थेट तुमचा, आणि देणीही थेट तुमची. पाहुणा जिन्यावरून घसरून जायबंदी झाला तर दावा तुमच्या घरापर्यंत पोचू शकतो. सगळीकडे मात्र तसं नाही. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२२ च्या कायद्यानंतर एकट्याने धंदा करणाऱ्याची खाजगी मालमत्ता आणि धंद्याची मालमत्ता कायद्यानेच वेगळी धरतात. त्यामुळे 'एकल मालकी म्हणजे सगळं पणाला' हे जुनं समीकरण प्रत्येक देशात तपासून घ्यावं. काही देश अशा छोट्या धंद्यांना भरघोस सवलत देतात. जॉर्जियात छोट्या व्यवसायाचा दर्जा मिळालेल्या वैयक्तिक उद्योजकाला वार्षिक ५ लाख लारी उलाढालीपर्यंत १ टक्का कर आहे. आपला व्यवसाय त्यातून वगळलेल्या यादीत नाही ना एवढं आधी बघायचं.

भागीदारी: दोन मित्र, दोन भाऊ, करार तोंडी. साध्या भागीदारीत एका भागीदाराने केलेल्या देण्याला दुसरा पूर्णपणे जबाबदार असतो. दोघांनी मिळून खर्च केला, नफा वाटला, कागद काहीच केला नाही, तरी अनेक कायद्यांत भागीदारी आपोआप झालेली असते. जोडप्यांना हे माहीत नसतं. माझं स्पष्ट मत: कुटुंबाबाहेरच्या माणसाबरोबर साधी भागीदारी करू नका.

मर्यादित दायित्वाची कंपनी: बहुतेकांचा शेवट इथे होतो. पोर्तुगालची 'उनिपेसुआल', फ्रान्सची 'ईयूआरएल', एस्टोनियाची 'ओयू', जपानची 'गोदो काइशा' ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि या सगळ्यांत एकटा माणूसही मालक होऊ शकतो. भांडवलाचा अडथळा बऱ्याच देशांत उरलेला नाही: स्पेनने २०२२ मध्ये किमान भांडवल ३,००० युरोवरून १ युरोवर आणलं. जर्मनीत 'गेएमबेहा'ला २५,००० युरो लागतात, पण तिची धाकटी बहीण 'ऊगे' १ युरोवर निघते. अट इतकीच की दरवर्षीच्या नफ्यातला चौथा हिस्सा राखीव ठेवत जायचा.

कंपनी म्हणजे वेगळी कायदेशीर व्यक्ती हे तत्त्व ब्रिटनच्या न्यायालयाने १८९७ च्या सालोमन खटल्यात पक्कं केलं, आणि त्या भिंतीवर आजही विसंबता येतं. पण छोट्या गेस्टहाउसच्या बाबतीत तिला दोन भगदाडं असतात. पहिलं, बँक आणि घरमालक तुमची वैयक्तिक हमी मागतातच. हमीवर सही केली की त्या देण्यापुरती कंपनी असून नसल्यासारखी. दुसरं, गॅसचा हीटर तुम्ही स्वतः चुकीचा बसवला आणि पाहुण्याला इजा झाली, तर निष्काळजीपणा तुमचा, कंपनी आड येत नाही. म्हणून खरी ढाल विमा आहे: पाहुण्यांच्या इजेचा, आगीचा, आणि धंद्यासाठी वापरत असल्याचं स्पष्ट सांगून घेतलेला इमारतीचा. राहत्या घराचा विमा काढून त्यात पाहुणे ठेवले तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता मोठी. विमा तुमच्या नावावर की तुमच्या कंपनीच्या, हेही परवान्याच्या नावाशी जुळलं पाहिजे.

शाखा: मायदेशातल्या चालू कंपनीची परदेशी शाखा. छोट्या गेस्टहाउससाठी मी कधीच सुचवणार नाही, कारण तिकडच्या जिन्यावरच्या अपघाताची जबाबदारी इकडच्या धंद्यावर येते.

तीन खोल्यांसाठी न्यास, त्याखाली फक्त भाग धारण करणारी (होल्डिंग) कंपनी, तिच्याखाली चालवणारी कंपनी असा इमला सुचवणारे सल्लागारही भेटतील. नाकापेक्षा मोती जड. प्रत्येक कंपनीचा वार्षिक ताळेबंद, पत्ता, बँक खातं आणि अकाउंटंट वेगळा लागतो.

पायरी ६ : इमारत आणि धंदा एका पेटीत नको

इमारत विकत घेणार असाल तरच ही पायरी वाचा.

इमारत ही तुमची सर्वांत मोठी ठेव, आणि पाहुण्यांचा धंदा ही सर्वांत मोठी जोखीम. दोन्ही एकाच कंपनीत असले तर धंद्यावरचा दावा इमारतीपर्यंत पोचतो. शक्य असेल तिथे इमारत तुमच्या नावावर किंवा एका कंपनीत, आणि धंदा दुसऱ्या कंपनीत ठेवून दोघांत भाडेकरार करावा. भाडं बाजारभावाचं, करार लेखी, पैसे खरोखर खात्यातून खात्यात गेलेले. पुढे धंदा विकून इमारत ठेवता येते, किंवा उलटही.

पण हे आंधळेपणाने करू नका. फ्रान्समध्ये कुटुंबाची मालमत्ता ठेवायला 'एससीआय' नावाची संस्था लोकप्रिय आहे. साधी, फर्निचर नसलेली घरं भाड्याने देईपर्यंत तिच्यावर भागीदारांच्या हातीच कर लागतो. तिनेच फर्निचरसह खोल्या नियमित भाड्याने द्यायला सुरुवात केली की ते व्यापारी काम ठरतं आणि संस्था कंपनी-कराच्या कक्षेत जाते; घर विकताना त्याचा फटका मोठा बसतो. इमारत कंपनीत घालणं सोपं असतं, बाहेर काढताना मात्र विक्री झाल्यासारखा कर लागू शकतो. म्हणून घालायच्या आधी काढायचा खर्च विचारा.

पायरी ७ : कर

गेस्टहाउस हलत नाही, हे करातलं मुख्य सूत्र. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या आदर्श करारात, ज्यावर बहुतेक दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार बेतलेले आहेत, कलम ६ म्हणतं की स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर ती मालमत्ता असलेला देश कर लावू शकतो. पाहुण्यांची सेवा 'धंदा' धरली तरी कलम ५ नुसार ती इमारत कायमचं व्यवसायस्थान ठरते. कोणत्याही वाटेने गेलात तरी पहिला हक्क त्याच देशाचा. म्हणून कर वाचवण्यासाठी तिसऱ्याच देशात कंपनी काढण्याचा सल्ला गेस्टहाउसवाल्याच्या कामाचा नाही. एस्टोनियाचं ई-रहिवासीपण, म्हणजे तिथे न राहता ऑनलाइन कंपनी चालवण्याची सोय, ऑनलाइन धंद्याला छान. पण ग्रीसमधल्या पाच खोल्यांचा कर त्याने ग्रीसबाहेर जात नाही, उलट दोन देशांचे हिशेब गळ्यात पडतात. इमारतीऐवजी कंपनीचे भाग विकून भांडवली नफ्याचा कर चुकवण्याची युक्तीही जुनी झाली: त्याच आदर्श कराराच्या कलम १३ मध्ये, भागांची निम्म्याहून जास्त किंमत स्थावर मालमत्तेतून येत असेल तर मालमत्तेच्या देशाला कर लावता येतो.

अमेरिकन एलएलसी, म्हणजे तिथली मर्यादित दायित्वाची कंपनी, हिच्याबद्दल खास सावधगिरी. अमेरिकेतच गेस्टहाउस असेल तर ती उत्तम. पण एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला, कर शून्य असला तरी, दरवर्षी ५४७२ क्रमांकाचं विवरण भरावं लागतं, आणि चुकलं तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू. शिवाय काही देश तिला वेगळी कंपनी मानतात, आणि काही तिचा नफा थेट मालकाचाच धरतात. दोन देशांचं मत जुळलं नाही की एकाच नफ्यावर दोनदा कर लागू शकतो.

आता कंपनी विरुद्ध एकल मालकी. पुढचे दर कल्पित आहेत, पद्धत समजण्यासाठी. समजा वर्षाची जमा १०० आणि खर्च ६०. एकल मालकीत हिशेबाचा खर्च आणखी १, नफा ३९, वैयक्तिक कर २५ टक्के म्हणजे ९.७५, हातात २९.२५. कंपनीत हिशेब आणि नोंदणीचा खर्च ४, नफा ३६, कंपनी-कर २० टक्के म्हणजे ७.२, उरले २८.८. ते लाभांश म्हणून घेतले आणि वाटेत १५ टक्के कर कापला तर ४.३२ गेले, हातात २४.४८. दर कमी असूनही कंपनी मागे पडली. पण नफा बाहेर न काढता पुढच्या वर्षी दोन खोल्या वाढवायच्या असतील तर लाभांशाचा कर लागत नाही, आणि वैयक्तिक दर ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेला तर पारडं कंपनीकडे झुकतं. तुमच्या देशाचे खरे दर घालून हेच गणित तीन वर्षांसाठी करा. मालक म्हणून सामाजिक सुरक्षेची वर्गणी किती, हा रकाना विसरू नका. युरोपात कधीकधी ती आयकरापेक्षा जड असते.

जिथे तुम्ही कर-रहिवासी आहात त्या देशाची बाजूही तपासा: परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा, परदेशी मालमत्ता जाहीर करण्याचं बंधन, आणि दिवाणखान्यात बसून सगळे निर्णय तुम्हीच घेत असाल तर ती परदेशी कंपनी तुमच्याच देशाची रहिवासी ठरते का. उत्पन्न लपेल अशा भ्रमात राहू नका. युरोपीय संघात १ जानेवारी २०२३ पासून बुकिंगच्या संकेतस्थळांना यजमानांची कमाई करखात्याला कळवावी लागते.

पायरी ८ : भागीदारांचा करार, नोंदणीच्या आधी

दोन भागीदार, ५०-५०. ऐकायला न्याय्य, पण मतभेद झाला की कंपनी ठप्प. एकतर ५१-४९ करा, नाहीतर अडकल्यावर काय करायचं ते लिहून ठेवा: कोण कोणाला कोणत्या पद्धतीने ठरलेल्या किमतीत विकत घेणार. रोज तिथे राबणाऱ्याला पगार किती आणि फक्त पैसे घातलेल्याला काय, हे वेगळं लिहा. एक भागीदार पहाटे उठून न्याहारी करतो आणि दुसरा वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येऊन राहतो. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. मालकांच्या पाहुण्यांना हंगामात किती रात्री फुकट, हेसुद्धा लिहा. क्षुल्लक वाटतं, पण लिहा.

पैसा कसा घालायचा याचाही विचार करा. व्हिसासाठी किंवा कायद्याने लागतं तेवढं भांडवल, आणि बाकीचं कंपनीला लेखी कर्ज, असं केलं तर ते कर्ज पुढे परत घेणं भांडवल कमी करण्यापेक्षा सोपं असतं. व्याजाचा दर रास्त ठेवा. कर्ज भांडवलाच्या तुलनेत फार मोठं असेल तर काही देश त्यावरचं व्याज खर्च म्हणून मान्य करत नाहीत.

पायरी ९ : कामाचा क्रम

कंपनी अस्तित्वात येण्याआधी तिच्या नावाने भाडेकरार किंवा विसारपावती करू नका. जबाबदारी वैयक्तिक तुमच्यावर येते. अगदीच जागा हातची जाणार असेल तर 'कंपनी स्थापन झाल्यावर करार तिच्याकडे जाईल' असं कलम घालून सही करा, आणि परवाना मिळाला नाही तर विसार परत, हेही.

स्थानिक संचालकाची अट आधीच पाहा. ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरमध्ये किमान एक संचालक तिथला रहिवासी लागतो. पैसे देऊन नावापुरता संचालक मिळतो, पण तो सही करू शकतो हे विसरू नका. बँकेत एकट्याच्या सहीचा अधिकार त्याला देऊ नये.

घरून नेण्याचे कागद, म्हणजे जन्मदाखला, विवाहदाखला, पोलीस दाखला, मुखत्यारपत्र, १९६१ च्या हेग करारात दोन्ही देश असतील तर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, करून घ्या आणि भाषांतर तिथल्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच करा. मुखत्यारपत्रात काम आणि मुदत दोन्ही नेमकी लिहा. सर्वांत जास्त वेळ बँक खात्याला लागतो. कंपनी दोन दिवसांत आणि खातं दोन महिन्यांनी, असं होऊ शकतं. पैसा कुठून आला याचा पुरावा सोबत ठेवा. बुकिंगचे पैसे ज्या नावाने येणार, परवान्यावरचं नाव, विम्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव एकच असलं पाहिजे.

पायरी १० : वारस आणि विक्री

अनेक युरोपीय देशांत मुलांचा ठरावीक वाटा कायद्यानेच राखीव असतो. मृत्युपत्राने सगळं जोडीदाराला देता येत नाही. युरोपीय संघाच्या वारसा नियमावलीने १७ ऑगस्ट २०१५ पासून मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडण्याची मुभा दिली आहे. आयर्लंड आणि डेन्मार्क त्यात नाहीत. परदेशी मालमत्तेसाठी तिथेच वेगळं मृत्युपत्र करणार असाल तर नव्या मृत्युपत्राने जुनं रद्द होणार नाही असं वाक्य दोन्हींत घाला.

विक्री करताना खरेदीदार बहुधा मालमत्ता मागेल, कंपनी नको म्हणेल, कारण कंपनीबरोबर तिची जुनी देणी येतात. परवाना मात्र कंपनीच्या नावावर असेल आणि नवा मिळत नसेल तर तोच खरेदीदार कंपनी मागतो आणि तीन-चार वर्षांचे हिशेब उलगडून बघतो. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून घरखर्च आणि धंद्याचा खर्च वेगळ्या कार्डावर ठेवा. वकिलाच्या पहिल्या भेटीत कंपनी काढायला किती लागतील हे विचाराल, तसंच ती बंद करायला किती महिने आणि किती पैसे लागतील हेही विचारा, आणि दोन्ही आकडे लेखी घ्या.